माझ्या वर गेलेल्या हाताबाबत खुलासा व वाटणी

मी, देवमन नथ्थूजी गिऱ्हे, वय एकाहत्तर, धंदा बागाईत शेती व भाजीपाला, राहणार आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम, हे शेवटच्या इच्छेचं लिखाण स्वतःच्या ओट्यावर बसून, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने करत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी डॉक्टरांनी मला वार विचारला, महिना विचारला आणि गावच्या सरपंचाचं नाव विचारलं. सरपंचाच्या नावापाशी मी जरा अडलो, पण ते विसरल्यामुळे नव्हे. कारण पुढे येईल.

मी नशेत नाही, तंबाखू धरत नसाल तर. मला कोणी फूस लावलेली नाही. हे वाक्य वकिलांच्या मसुद्यातही होतं, पण माझ्या बाबतीत ते दोनदा लिहावं लागतं, कारण देवमनला कोणीही फूस लावू शकतं यावर आमच्या गावाचा फार मोठा विश्वास आहे. मला कोणी फूस लावलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगं काही नाही.

या कागदाचा खरा हेतू जमीन हा नाही, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझी मुलगी समीक्षा चार वर्षं झाली या घरात आलेली नाही. तिच्या भावाने, म्हणजे माझा मुलगा मुकेश याने, तिला येऊ नको म्हणून सांगितलं आहे. ती यावी एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. जमीन आणि बाकी वस्तू सोबत आहेत कारण नुसत्या इच्छेवर स्टॅम्प बसत नाही.

कलम एक. धर्म. वकील म्हणाले, काका, मृत्युपत्रात धर्माचा रकाना लागत नाही. मी म्हटलं, माझ्यात लागतो. तर, मी हिंदू माळी म्हणून जन्मलो आणि तसाच मरणार आहे. मधल्या काळात अमेरिकेच्या टेक्सास राज्यात एका रविवारी सकाळी माझा बाप्तिस्मा झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ घालायचं काम मी वरच्याकडे सोपवलं आहे. तो आमच्या गावापेक्षा शांत डोक्याचा असावा असा माझा अंदाज आहे.

कलम दोन. राहतं घर, त्यातली भांडी, दोन्ही पलंग, टीव्ही आणि म्हैस माझी पत्नी सौ. पंचफुला हिच्या नावे. ती हयात असेपर्यंत घरातून तिला कोणी उठवू नये, आणि घरात कोणी यावं हे तिनेच ठरवावं. दुसरं वाक्य मुकेशने परत वाचावं. बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा सगळ्या गावात हीच एक बाई अशी होती जिने मला काही विचारलं नाही. चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "तुमी कोन्त्या देवाचे झाले ते तुमी पाहा. कप धुऊन ठेवा म्हंजे झालं." तेव्हापासून कप मी धुतो. माझ्यात झालेलं धर्मांतर म्हणाल तर तेवढंच.

कलम तीन. गावाच्या उत्तरेची बागाईत, सातबाऱ्यावर आहे तशी, विहिरीसह. ही जमीन वडिलोपार्जित नाही, मी वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, शेलूबाजारच्या बाजारात विकून घेतलेली आहे, तेव्हा ती द्यायचा अधिकार माझा आहे. अर्धी मुकेशला, अर्धी समीक्षाला. विहीर दोघांच्या मधोमध येते आणि विहीर कापता येत नाही, म्हणून ती दोघांची. समीक्षाच्या अर्ध्यात हळद असते. ती टेक्सासला बसून हळद काढणार नाही हे मलाही कळतं. ती जमीन मुकेशनेच कसावी आणि समीक्षाने दर वर्षी काढणीला येऊन पाहावी. न आल्यास काय, असं वकिलांनी विचारलं. मी म्हटलं, न आल्यास मला वाईट वाटेल. ते म्हणाले, काका, तुम्ही तेव्हा नसाल. मी म्हटलं, तरी लिहा. त्यांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहीत आहे.

कलम चार. हा खुलासा आहे, वाटणी नाही, पण तो असल्याशिवाय वाटणी समजणार नाही.

जावई धीरज यांच्या कंपनीने त्यांना टेक्सासला पाठवलं तेव्हा समीक्षाला तिथे ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. नात प्रियदर्शनी झाली. पंचफुलाला व्हिसा मिळाला नाही. बाळंतीण एकटी, जावई दिवसभर कामावर. अशा वेळी शेजारची डेबी नावाची बाई काचेच्या भांड्यात जेवण घेऊन दारात उभी राहिली, आणि महिनाभर येत राहिली. प्रत्येक पदार्थावर चीज. बाळंतिणीला डिंकाचा लाडू लागतो हे त्या बाईला कोण सांगणार, पण आली ती आली. आमच्या नात्यातल्या ज्या बाया नंतर समीक्षाला बाटगी म्हणाल्या त्यांच्यापैकी एकीनेही त्या महिन्यात फोन केला नव्हता. ही डेबीबाई दर रविवारी चर्चला जायची. तिचा शब्द मोडवेना म्हणून समीक्षाही जाऊ लागली. दोन वर्षं ती मागच्या बाकावर बसली. गाणी ऐकायची, पोरीला खेळायला सोबत मिळायची, घरी यायची. याच्या पलीकडे तिने काही केलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवावं.

मग मी गेलो, सहा महिन्यांसाठी, नात पाहायला. पहिल्याच रविवारी मला चर्च दाखवलं. आमच्याकडचं चर्च म्हणजे शेलूबाजारला मोटार वाइंडिंगवाल्या शांतवनच्या गल्लीतलं, तीस माणसं दाटीने मावतील असं. हे आपल्या मार्केट यार्डाएवढं. गाड्या लावून द्यायला माणसं उभी. मी चपला काढायची जागा शोधत राहिलो, आणि लोक कॉफीचे पेले हातात घेऊन सरळ देवासमोर. आत बँड, रंगीत दिवे, मोठा पडदा. खरं सांगायचं तर मला आवडलं. रडू आलं तर माणसं रडतात आणि शेजारचा हसत नाही.

बाहेरच्या टेबलावर बायबलच्या बाजूला एक रंगीत कागद ठेवला होता. त्यावर निवडणुकीतल्या उमेदवारांची नावं आणि पुढे हिरव्या, लाल खुणा. गर्भपाताच्या विरोधात कोण, बंदुकीच्या बाजूने कोण, शाळेत प्रार्थना कोण आणणार, शाळेच्या वाचनालयातली वाईट पुस्तकं कोण काढणार. पाद्री मंचावरून म्हणाले, मत कोणाला द्यायचं हे मी तुम्हाला सांगणार नाही. समीक्षाने हे कानात सांगितलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडचे महाराज हेच म्हणून सुरुवात करतात, आणि मग सांगतात. यांनीही सांगितलं. तिथल्या शाळा मंडळाच्या निवडणुकीला घरांची छपरं बसवणारे एक साहेब उभे होते. नाव मला कधीच नीट घेता आलं नाही, म्हणून त्यांना छपरंवाले म्हणतो. ते दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवत होते. माझं तिथे मत नाही हे माहीत नसल्याने माझा हात त्यांनी जास्तच वेळ धरला.

शेवटी बँड हळू झाला. पाद्रींनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि विचारलं, आज देवाकडे कोणाला यायचं आहे? ज्याला यायचं आहे त्याने हात वर करावा.

आता माझी बाजू समजून घ्या. आमच्या सप्ताहात महाराज असं विचारतात तेव्हा सगळा मांडव हात वर करतो. देवाकडे कोणाला यायचं आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? तंबाखू सोडण्यासाठी तर मी आजवर प्रत्येक सप्ताहात हात वर केला आहे. हात वर करायचा, जयजयकार करायचा आणि पंगतीला बसायचं, अशी रीत आहे. त्या रीतीने मी हात वर केला. चांगला उंच केला, परगावी आपलं नाव खराब नको म्हणून. मग डोळे उघडले. त्या सबंध यार्डात एकच हात वर होता, आणि तो माझा होता.

खाली घ्यावा तर देवाला नको म्हटल्यासारखं. वर ठेवावा तर दिवा तोंडावर आलेला. पाद्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. माझ्या एकाहत्तर वर्षांत माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या, तेव्हा हात आणखी थोडा वर गेला असेल, नाही असं नाही. त्या क्षणी माझ्या शेजारी काय झालं ते शेवटच्या कलमात आहे.

पुढच्या रविवारी डुबकी होती. वाशीमचं पद्मतीर्थ धरून जिथे जिथे पाणी दिसलं तिथे पंचफुलाने मला आजवर बुडवून काढलं आहे. डुबकीला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. शिवाय यांचं पाणी कोमट होतं.

छपरंवाल्यांनी त्याचा व्हिडिओ काढून घेतला. त्यात मी हात वर करून उभा, आणि खाली अक्षरं: भारतातल्या एका शेतकऱ्याला जे कळतं ते आपल्या शाळांना कळत नाही. मला काय कळलं हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. पण छपरंवाले निवडून आले. तोच व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर करत माझ्याआधी आसेगावात पोचला. इथे मुकेश सरपंचपदाला उभा होता. समोर दौलतराव, देऊळ कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी जीपवर पडदा बांधून तो व्हिडिओ गल्लीगल्लीत दाखवला. मुकेश पडला. म्हणजे माझ्या एकाच तोंडावर अमेरिकेत एक परका माणूस निवडून आला आणि आसेगावात माझा स्वतःचा मुलगा पडला. एवढा मोठा राजकीय प्रभाव असलेला माणूस या तालुक्यात दुसरा नसेल.

निकालाच्या दिवशी मुकेशने बहिणीला फोन लावला. मी शेजारी होतो. तो म्हणाला, "म्हातारपनी बाटवलं तू बाबाले. या घराची पायरी आता तुले बंद." मी म्हणालो, अरे, हात मी वर केला, तिने नाही. तो म्हणाला, "तुमाले काय समजते, बाबा." तेव्हापासून मी किती वेळा हा विषय काढला असेल, पण माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत मुकेश विहिरीवरची मोटार चालू करायला निघून जातो. मृत्युपत्राचं एक बरं असतं. ते मधेच तोडून मोटारीकडे जाता येत नाही.

कलम पाच. शेतीची अवजारं, फवारणी पंप, ठिबकच्या नळ्या व विहिरीवरची मोटार मुकेशची. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेला निळा टी-शर्ट, ज्यावर इंग्रजीत माझा उद्धार झाल्याचं लिहिलं आहे, तो मी फवारणीला वापरत होतो. सध्या तो हळदीतल्या बुजगावण्याच्या अंगावर आहे. बुजगावणंही बाटलं असं गावात म्हणतात. पाखरं मात्र पूर्वीसारखीच येतात, तेव्हा त्याच्यावर परिणाम झालेला दिसत नाही. तो तिथेच राहू द्यावा.

कलम सहा. शांतवन तायडे, मोटार वाइंडिंग, शेलूबाजार, यांना माझी सायकल, कारण ती त्यांनीच आजवर जिवंत ठेवली. परत आल्यावर मी पेढे घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. वाटलं, एक तरी माणूस खूश होईल. त्यांनी हातातली तार खाली ठेवली आणि म्हणाले, "देवमनभाऊ, माह्या आज्यापासून आमी इथं ख्रिस्ती हावो. आमच्यासाठी कोनी टाळी नाही वाजवली. आन् तुमच्या त्या व्हिडिओपायी आता लोक मले इचारून राह्यले, कितीक पैसे भेटते म्हून." त्या वर्षी नाताळला त्यांनी माईक लावला नाही. दाराला आतून कडी घालून गाणी म्हटली. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो, कोणी आलंच तर मला आधी पाहील म्हणून. कोणी आलं नाही, थंडी मात्र वाजली. पेढे शांतवननी ठेवून घेतले होते, हेही नोंदवतो.

कलम सात. डेबीबाईंना माझ्या हळदीतली दोन किलो, दळून, दर वर्षी, समीक्षाच्या हस्ते. कारण लिहितो. छपरंवाल्यांनी निवडून आल्यावर शब्द पाळला. आमच्याकडचे पाळत नाहीत, त्यांनी पाळला, हा माझा दैवयोग. शाळेतून पुस्तकं काढायची यादी झाली, त्यात दिवाळीचं एक चित्रांचं पुस्तक होतं. समीक्षाने ते प्रियदर्शनीच्या वर्गात वाचून दाखवलं होतं. त्यात एक पोरगी पणत्या लावते, बाकी काही नाही, फटाकासुद्धा नाही. समीक्षा मंडळाच्या सभेत उभी राहून बोलली. बोलून झाल्यावर अध्यक्षांनी विचारलं, यांना कोणाचा पाठिंबा असेल तर हात वर करावा. हॉलमधले निम्मे लोक चर्चातले, माझ्या हातासाठी टाळ्या वाजवलेले. ते फोनमध्ये पाहत राहिले. एक हात वर झाला, डेबीबाईंचा. पुस्तक गेलं. समीक्षाने त्या चर्चला जाणं सोडलं. डेबीबाई अजून जातात आणि दर रविवारी तिथे भांडतात असं समजतं.

तर हिशोब असा झाला की ज्या माणसाने माझ्या नातीची दिवाळी वर्गातून काढली, त्याला मी निवडून आणलं. आणि पोरगी तिकडच्या देवळातही नाही आणि इकडच्या घरातही नाही. हे लिहिताना मला हसू येत नाही.

कलम आठ. अंत्यविधी आपल्या रीतीने व्हावा. अग्नी मुकेशने द्यावा. पण समीक्षा येईपर्यंत थांबावं. वाशीमहून बर्फाची पेटी आणावी. उन्हाळा असल्यास दोन आणाव्यात. तिला घ्यायला नागपूरच्या विमानतळावर मुकेशने स्वतः जावं, ड्रायव्हर पाठवू नये. वाटेत बोलणं झालं नाही तरी चालेल, पण मधे एकदा गाडी थांबवून चहा पाजावा. तिला गाडी लागते. शांतवनना त्यांचं एक गाणं म्हणायचं असल्यास म्हणू द्यावं. ते सुरात नसतं, पण मनापासून असतं. सरपंच या नात्याने दौलतराव श्रद्धांजलीला उभे राहतील. त्यांना राहू द्यावं, माईक देऊ नये. माझ्या बाप्तिस्म्याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त फायदा झाला, तेव्हा हार त्यांनी स्वतःच्या पैशाने आणावा. तंबाखूची डबी माझ्या खिशात असू द्यावी. पुढच्या सप्ताहात सोडणार होतो.

कलम नऊ. माझी तेरवी झाली की हा कागद श्री. जिनदास गडेकर, बियाण्याचे दुकानदार, शेलूबाजार, यांनी याच ओट्यावर मोठ्याने वाचावा. त्यांच्याकडून मी तीस वर्षं बियाणं घेतलं आणि पुडीवर लिहिलं तेच आत निघालं, म्हणून त्यांना हे काम.

आता मुकेश, हे तुझ्यासाठी. तू जिनदास शेठना मधे थांबवणार नाहीस, म्हणून इथे लिहितो.

त्या रविवारी माझा एकट्याचा हात वर होता. मी डावीकडे पाहिलं. समीक्षाचे डोळे उघडे होते. तिने प्रियदर्शनीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळा झालेला हात वर केला. दोन वर्षं जो हात तिने त्या मागच्या बाकावर मांडीवर ठेवला होता, तो. बाहेर आल्यावर मी विचारलं, तू काहून केला? ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या हालमंधी तुमचा एकट्याचाच हात वर होता, बाबा. मले पाहवलं नाही." डुबकीही तिने माझ्यासोबत घेतली, कारण तिथला माणूस मला पाठीमागे झोपवून बुडवणार होता आणि मला पोहता येत नाही हे तिला माहीत होतं. छपरंवाल्यांनी व्हिडिओतून तिला कापून टाकलं. त्यांना शेतकरी पाहिजे होता, पोरगी नको होती.

तिने मला बाटवलं नाही. मला सोबत दिली. तुझ्या बापाला एवढ्या लोकांत एकटं पडू दिलं नाही, आणि त्याच्यासाठी तू तिला घर बंद केलं. चार वर्षांत तिने तुला हे सांगितलं नाही, कारण सांगितलं तर बाबांनी आधी हात वर केला हेही सांगावं लागलं असतं. मी ते सगळ्या गावाला ओरडून सांगत होतो हे तिला कुठे माहीत.

कागद वाचून झाला की जिनदास शेठ विचारतील, हे कोणाकोणाला मान्य आहे? समीक्षा आधी हात वर करेल. मला माहीत आहे ती. तेव्हा तू तिच्याकडे पाहा. सगळं गाव बसलेलं असताना एकट्याचा हात वर राहिला की कसं वाटतं ते मी भोगलं आहे. तिचा राहू देऊ नको. माझी इच्छा म्हणाल तर एवढीच आहे, बाकीचं सातबाऱ्यावर आहेच.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, दोन ठिकाणी खोडून सही केली.

देवमन नथ्थूजी गिऱ्हे

स्थळ: आसेगाव, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम
दिनांक: २१ जानेवारी २०२६

साक्षीदार: वरील सही श्री. देवमन यांनी आम्हा दोघांच्या देखत केली व आम्ही त्यांच्या देखत आमच्या सह्या केल्या.

१. शांतवन तायडे, मोटार वाइंडिंग, शेलूबाजार
२. जिनदास गडेकर, बियाणे विक्रेते, शेलूबाजार

साक्षीदार क्रमांक दोन यांची नोंद: सही होण्याआधी कागद एकदा मोठ्याने वाचून दाखवला. सौ. पंचफुलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून साक्षीला त्यांची सही घेतलेली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी हात वर केला. आम्ही सह्या करून चहा पिऊन निघालो तेव्हाही तो वरच होता.